माझ्या जबड्याचं रिवर्क

आमच्या क्वालिटी डिपार्टमेंटमध्ये दोन गोष्टी रोज साठतात. एक रिजेक्ट झालेले गिअर आणि दुसरे किस्से. गिअर निदान महिनाअखेरीला भंगारवाला घेऊन जातो. किस्से मात्र तिथंच पडून राहतात आणि डब्याच्या सुट्टीत पुन्हा पुन्हा निघतात. सध्या त्यातले निम्मे माझ्या तोंडाचे आहेत!

माझा जबडा लहानपणापासून डावीकडे जास्त वाढलेला, त्यामुळे हनुवटी उजवीकडे सरकलेली. खाण्यापिण्याची अडचण नव्हती. अडचण फोटोची होती. आमच्याकडे कुणी रिटायर झालं की सगळ्या डिपार्टमेंटचा फोटो निघतो आणि फ्रेम होऊन भिंतीवर लागतो. असे अकरा फोटो आहेत. एकातही मी नाही, कारण अकराही मीच काढलेत. "मिलिंदचा हात स्थिर आहे हो," असं सगळे म्हणायचे आणि मी ते चालवून घ्यायचो.

बारावा फोटो आपटे सरांचा होता. सर आमचे हेड. मायक्रोमीटर हातात कसा धरायचा, हे मला त्यांनी शिकवलं. त्यांच्या फोटोत मला यायचंच होतं. चाळिशी उलटल्यावर तोंडाचं ऑपरेशन कशाला, असं कुणी विचारलं तर खरं उत्तर एवढंच आहे.

*

डॉक्टरांनी स्क्रीनवर माझी कवटी दाखवली. "डावी बाजू नऊ मिलिमीटरनं मोठी आहे. तोंडाच्या आतून चीर देऊन हाड घासू आणि हनुवटी मध्ये आणू. बाहेर व्रण दिसणार नाही."

मी सवयीनं विचारलं, "टॉलरन्स किती?"

"म्हणजे?"

"म्हणजे किती फरक चालतो?"

"दोन-तीन मिलिमीटर सगळ्यांनाच असतो. कुणाच्या लक्षातही येत नाही."

हे मी डिपार्टमेंटमध्ये सांगितलं, ही माझी चूक. दुसऱ्या दिवशी सकाळी बबन मोठा व्हर्नियर स्पिरिटनं पुसून घेऊन आला. बबन चऱ्होलीचा, माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. त्यानं एकेकाला खुर्चीवर बसवलं आणि कानाच्या पाळीपासून हनुवटीपर्यंत दोन्हीकडची मापं घेतली. कुणी चारनं वाकडा, कुणी पाचनं. खुद्द आपटे सर साडेचार!

"सर, तुमीबी रिजेक्ट हाय," बबन म्हणाला.

सरांनी शांतपणे विचारलं, "व्हर्नियर शेवटचा कॅलिब्रेट कधी केला होता?"

त्या दिवशी फर्स्ट शिफ्टला क्वालिटीतला एकही चेहरा पास झाला नाही.

*

घरी बायकोला सांगताना मला फार अवघड गेलं. सोळा वर्षं जपलेलं गुपित होतं! विश्रांतवाडीच्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत संगीता कपडे वाळत घालत होती. मी म्हटलं, "तुझ्या कधी लक्षात आलं नसेल, पण माझा जबडा जरा वाकडा आहे."

तिनं चिमटा तोंडातून काढला. "तुम्ही मला बघायला वारज्याला आला होतात ना, तेव्हा तासभर दाराकडे तोंड करून बसला होतात. मला वाटलं, पळून जायचा विचार दिसतोय."

"मग हो का म्हणालीस?"

"पोहे दोनदा घेतलेत. पळणारा माणूस दुसऱ्यांदा घेत नाही."

*

सरांकडे रजेचा अर्ज नेला. कारणाच्या रकान्यात काय लिहावं, ते सुचेना. 'चेहऱ्याची शस्त्रक्रिया' लिहिलं असतं तर अर्ज वर पोचायच्या आत कँटीनला पोचला असता. शेवटी मी 'जबड्याचे काम' असं लिहिलं.

सरांनी अर्ज वाचला, पेन काढलं, 'काम' खोडून तिथं 'रिवर्क' लिहिलं आणि सही केली. मग अर्ज परत देता देता म्हणाले, "मी चार महिन्यांनी जातोय. त्याच्या आत डिलिव्हरी दे."

मी हसण्यावारी नेलं, पण जागेवर आल्यावर लक्षात आलं. अकरा फोटो मी का काढले, ते या माणसाला पहिल्यापासून माहीत होतं.

*

ऑपरेशन नीट झालं. तिसऱ्या दिवशी सूज अशी चढली की आरशात मी मला शोधत होतो. डोक्यावरून हनुवटीखालून घट्ट पट्टा, दोन्ही गाल टम्म फुगलेले, बोलायची सोय नाही. तेवढ्यात वर्ध्याहून आई आली. आल्या आल्या रडेल म्हणून संगीतानं पाण्याचा ग्लास तयार ठेवला होता.

आईनं मला डावीकडून पाहिलं, मग उजवीकडून पाहिलं आणि एकदम खूश झाली.

"झालं ना दोन्हीकून सारखं! कसं भरल्यासारखं दिसते पोरगं! आता डॉक्टरले म्हणा, असंच राहू द्या."

हसायला बंदी होती. मी उशी आवळून हसलो आणि डोळ्यांतून पाणी आलं. आईला वाटलं, दुखतंय. तो ग्लास शेवटी मलाच मिळाला, सिरिंजनं.

*

पहिले काही आठवडे सगळं पातळ. सूप, ताक, वरणाचं पाणी, पेज. संगीता प्रत्येक पदार्थ मिक्सरमध्ये घालून माझ्यापुढे ठेवायची आणि नाव सांगायची, कारण बघून काहीच ओळखू यायचं नाही.

एका रविवारी आपटे सर आणि बबन भेटायला आले. सरांच्या हातात बाकरवडीचा पुडा! मी पुड्याकडे बघितलं, मग सरांकडे बघितलं. सर सोफ्यावर बसले, पुडा फोडला, एक बबनला दिली, एक स्वतः घेतली.

"तुला चावता येत नाही, हे माहीत आहे. आम्ही आमच्यापुरतीच आणलीय."

आणि खरोखर, दोघांनी माझ्यासमोर पुडा संपवला. बबन मध्येच कळवळून म्हणाला, "सर, त्याला निदान वास तरी द्या की!"

सरांनी रिकामा पुडा माझ्या नाकाजवळ धरला.

*

सहा आठवड्यांनी कामावर गेलो तर माझ्या खुर्चीला पिवळा टॅग बांधलेला. आमच्याकडे पास झालेल्या मालाला, म्हणजे जॉबला, हिरवा टॅग, भंगाराला लाल आणि दुरुस्तीत असलेल्याला पिवळा. त्यावर सरांच्या रेखीव अक्षरात लिहिलं होतं, 'जॉब: मिलिंद. दोष: नऊ मि.मी. स्थिती: रिवर्क चालू. हलवू नये.'

मी टॅग सोडायला लागलो तर सर केबिनमधून ओरडले, "अंतिम तपासणी झाल्याशिवाय पिवळा निघत नाही. नियम आहे!"

हनुवटीला अजून बधिरपणा होता. खाताना काही सांडलं तरी मला पत्ता लागायचा नाही. म्हणून डिपार्टमेंटनं एक खूण ठरवली. माझ्या हनुवटीला काही लागलं की समोरच्यानं स्वतःच्या हनुवटीला हात लावायचा आणि मी गुपचूप पुसायचं. छान चाललं होतं. मग एका मोठ्या कस्टमरचा ऑडिटर आला. त्या गृहस्थांना विचार करताना हनुवटी कुरवाळायची सवय! ते कुरवाळायचे, मी पुसायचो. ते पान उलटून पुन्हा कुरवाळायचे, मी पुन्हा पुसायचो. बबन टेबलाखाली वाकून काहीतरी शोधायला लागला, तो वर येईचना.

अर्ध्या तासानं ऑडिटरनी फाइल मिटली आणि सरांना हळूच म्हणाले, "कागदपत्रं चोख आहेत. पण तुमचे हे गृहस्थ इतके घाबरलेत का?"

"ते तुमच्या तपासणीला घाबरत नाहीत," सर म्हणाले. "त्यांची वेगळी चालू आहे."

*

चार महिने झाले आणि सरांचा शेवटचा दिवस आला. सकाळी आरशात डावा गाल किंचित जाड वाटत होता. डॉक्टर म्हणाले होते, सूज पूर्ण उतरायला सहा महिनेही लागतील. मला मात्र तोच दिवस हवा होता. घरून निघताना दोनदा शर्ट बदलला. संगीता म्हणाली, "जा आता. आज दाराकडे बघू नका म्हणजे झालं."

भाषणं झाली, हार झाला, शाल झाली. सर पुढच्या रांगेत मधल्या खुर्चीवर बसले, बाकीचे बाजूला आणि मागे भिंतीपाशी उभे राहिले आणि मी सवयीनं मोबाइल काढून समोर गेलो. "बबन, जरा आत सरक," असं म्हणेपर्यंत सर रांगेतून बाहेर आले. त्यांनी माझ्या हातातला मोबाइल घेतला आणि त्यांच्या मोकळ्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

"बस तिथं."

"सर, निरोप तुमचा आहे!"

"संध्याकाळपर्यंत मी हेड आहे. बस."

मी बसलो. मान आपोआप वळली असणार.

"मान सरळ," सर म्हणाले. "अजून. समोर बघ. माझ्याकडे."

मी बघितलं. गळ्यात हार, खांद्यावर शाल, आणि एक डोळा बारीक करून सर मोबाइलमधून माझ्याकडे बघत होते, गेजवर नवीन जॉब बघावा तसे. बराच वेळ बघितलं. मागे बबन कुजबुजला, "सर, पास करा की, पाय दुखाय लागले!" आणि आम्ही सगळे एकदम हसलो.

"ओके," सर म्हणाले आणि बटण दाबलं. मग ते माझ्या टेबलापाशी गेले, खुर्चीचा पिवळा टॅग सोडला आणि हिरवा बांधला. तेवढ्यात गरम सामोसे आले आणि दुसरा फोटो काढायचं कुणाच्या डोक्यातच राहिलं नाही.

पंधरा दिवसांनी बबन आणि मी फ्रेमची एक प्रत घेऊन सरांच्या घरी गेलो. खाली मोठ्या अक्षरात 'श्री. आपटे यांचा निरोप समारंभ' असं छापलेलं. काकूंनी चष्मा लावून एकेक चेहरा बघितला, पहिली रांग, मग मागची, मग पुन्हा पहिली.

"अहो, निरोप तुमचा ना? मग यात तुम्ही कुठे आहात?"

सरांनी पेपरमधून मान वर केली नाही.

"ते सगळे कुणाकडे बघून हसतायत, ते बघ."