पिवळ्या डागांचं दार

ह्यूस्टनपासून शिकागोपर्यंत पसरलेल्या मराठी मंडळींनो, तुमच्यापैकी किती जणांनी पहाटे उठून गॅरेजच्या दारावर फुटलेली अंडी धुतली आहेत, मुलं जागी व्हायच्या आत? टिकली लावून दुकानात निघालेल्या बायकोला चालत्या गाडीतून शिवी ऐकावी लागते आणि आपण "जाऊ दे" म्हणतो. मीही म्हणतो. म्हणून हे प्रवासवर्णन तुमच्यासाठी.

यंदा, १९८८च्या लेबर डेच्या सुट्टीत, आम्ही शुगर लँडहून कॅन्ससला निघालो, तेव्हा मित्र म्हणाला, "तिकडे आहे काय यार? गहू?" गहूही नव्हता, तो जूनमध्येच कापून होतो. पण त्या गव्हाचं बी रशियातून ज्यांनी आणलं, त्या मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचं नदीकाठचं रोझेनउफर गाव मला पाहायचं होतं. शस्त्र धरायचं नाही हा त्यांचा धर्म. झारने सैन्यात बोलावलं, तेव्हा शेतं सोडून ते इथे आले.

मुक्काम ओक्लाहोमात, स्वस्त मोटेलात. सोबत बायकोने, सुनंदाने, केलेल्या दशम्या. विचिटा शहरातच गाडीची टाकी भरून घ्या. पुढचा रस्ता खडीचा आणि रविवारी गावात सगळं बंद. शनिवारी मात्र कॅफेत व्हेरेनिके मिळतात, म्हणजे पनीर भरून उकडलेल्या करंज्याच. शाकाहारींनी वरचा हॅमचा रस्सा नको म्हणून आधीच सांगावं.

गावात जुन्या पद्धतीचं एकच घर उरलंय. लांबलचक, उतरत्या छपराचं. एका टोकाला घर, दुसऱ्या टोकाला गोठा, मधे बोळ आणि सगळ्यांवर एकच आढं. आम्ही पुढच्या दाराशी सवयीने चपला काढल्या. मागून आवाज आला, "चपला घाला आणि गोठ्यातून या. त्या दारातून फक्त पाद्री येतो आणि शवपेटी जाते."

या घराच्या मालकीण हेलेना फ्रीझेन, पंचाहत्तरी ओलांडलेल्या. त्यांनी घराच्या मधोमध भिंतीत बांधलेली विटांची भट्टी दाखवली. तिच्यात पेंढा जाळायचे आणि शेण वाळवून केलेल्या विटा.

"गोवऱ्या," सुनंदा मला म्हणाली. "आणि आपल्याला वाटायचं, अमेरिकेत सांगायला लाज वाटेल."

परत गोठ्यात आलो, तर दारावर पिवळ्या रंगाचे जुने ओघळ. आमची मेघा अकरा वर्षांची. तिने विचारलं, "हू डिड धिस?"

"शेजाऱ्यांनी," हेलेनाबाई म्हणाल्या. "पहिल्या महायुद्धात. माझ्या थोरल्या भावांनी बंदूक घेतली नाही म्हणून. इथे पिवळा म्हणजे भेकड. आई घासायला निघाली, तर वडील म्हणाले, राहू दे. ज्यांनी रंगवलंय त्यांनी पुसावं."

"मग आले ते?"

"आले ना. त्यांचा नातू तो काय, उभा आहे."

अंगणात टाय लावलेले एक गृहस्थ टेपने मापं घेत होते. बाईंनी घर म्युझियमसाठी गावाला देऊ केलंय. हे त्या कमिटीचे. त्यांनी मला हसून समजावलं: घर ठेवणार, गोठा पाडणार, तिथे पार्किंग. "लोकांना गोठ्याचा वास नको असतो, सर."

"आणि हे दार?"

"ती फार जुनी गोष्ट. फॅमिलीज येतात, उगाच कशाला."

उगाच? दोन्हींवर एकच छप्पर, हीच तर या घराची सगळी कला. अर्धं कापलंत, तर उरेल ते डॉलहाऊस. आणि सत्तर वर्षं ज्यांना फडकं घेऊन यायला वेळ झाला नाही, ते आता बुलडोझर घेऊन येतात आणि त्याला वारसा म्हणतात. मी हे त्यांना तोंडावर सांगितलं. ते घड्याळाकडे बघू लागले.

हेलेनाबाई म्हणाल्या, "तुमचा आवाज मोठा आहे. आमच्यात असा कोणी नाही. गावचं कौन्सिल ऑक्टोबरात ठरवणार आहे."

घरी पोचलो, तेव्हा गॅरेजच्या दारावर पुन्हा अंडी. मी धुवायला पाण्याचा पाइप उचलला. मेघा मधे उभी राहिली. "बाबा, डोन्ट. त्यांना पुसू दे."

अजून तसंच आहे. शेजारी विचारतात, मी सांगतो.

आता तुम्ही. आज रात्री कौन्सिलला एक पत्र टाका. पत्ता: सिटी कौन्सिल, रोझेनउफर, कॅन्सस. एकच वाक्य पुरे: गोठा पाडू नका, दारासकट ठेवा. खाली आपलं नाव लिहा, पूर्ण, मराठी आडनावासकट.