मऊ तारेचा प्रबंध

धातू कसा वाकतो यावर मी पीएचडी केली आणि त्या सगळ्या वर्षांत धातू एकदाही हातात घेतला नाही. सांगलीच्या कॉलेजात एक संगणक, एक गळका कूलर आणि आमचे गाईड, एवढ्यात माझं संशोधन चालायचं. धातूत अणूंच्या नीट रांगा असतात. एखादी रांग मध्येच तुटलेली असते. तिला डिसलोकेशन म्हणायचं. ताण दिला की ही चूक आत सरकत जाते आणि धातू वाकतो. ती किती वेगानं सरकते याची समीकरणं मांडणं हे माझं काम.

खरं तर अशा चुका असंख्य असतात आणि सरकताना एकमेकींना अडवतात. तेही धरलं तर संगणक आठवडाभर घुमत बसायचा. म्हणून मी अडवणंच गाळलं आणि प्रत्येकीला मोकळा रस्ता दिला. आलेख देखणे आले. गाईड खूश झाले. उत्तर बरोबर आहे का यापेक्षा ते मुदतीत आहे का, याचीच त्यांना काळजी असे.

प्रबंध देण्याआधी विट्याला घरी गेलो. चुलते परराज्यात सोनं गाळण्याचं दुकान चालवून आयुष्याच्या उतरणीला परतलेले, शिक्षण सातवी. त्यांना मी मोठ्या मनानं माझं संशोधन समजावलं. वाकवत राहिलं की चुका वाढतात आणि तार आणखी सहज वाकते, असा आलेखही दाखवला. त्यांनी उठून चांदीची तार आणली आणि मला वाकवायला, सरळ करायला लावली. पाच-सहा खेपांत तार ऐकेना. माझी बोटं दुखली.

"घट्ट हुतीया ती," ते म्हणाले. "तापवून मऊ केल्याबिगार फुडं जात न्हाई. आमी ह्ये पयल्याच दिवशी शिकलो."

मी गाळलं होतं ते हेच. आत गर्दी झाली की कुणालाच हलता येत नाही. पुस्तकात मी ते वाचलं होतं, परीक्षेत लिहून मार्कही घेतले होते.

गाईडना सांगितलं. त्यांनी शीर्षकात 'प्राथमिक अवस्थेतील' एवढे शब्द घालायला सुचवले, म्हणजे पुढची गर्दी प्रबंधाच्या बाहेरच राहणार. नव्यानं मांडायचं तर एक वर्ष जाणार आणि तोवर कॉलेजातली प्राध्यापकाची रिकामी जागा भरली जाणार. मी घाबरलो, त्या घाबरण्याला व्यवहार म्हटलं आणि प्रबंध तसाच दिला.

तोंडी परीक्षा खुली होती, त्यामुळे चुलतेही शेवटच्या रांगेत येऊन बसले. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी समासाची रुंदी आणि संदर्भसूचीतले स्वल्पविराम तपासले. मग कुणाला काही विचारायचंय का, असं सभेला विचारलं. चुलत्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी लॅपटॉपकडे पाहिलं. टाळ्या झाल्या, मी डॉक्टर झालो.

बाहेर पेढे वाटताना त्यांच्यासमोर आलो, तर त्यांनी काही न विचारताच मी खुलासा करू लागलो. परीक्षकांना हे कळलंच नाही, म्हणालो.

पेढा हातात तसाच धरून ते म्हणाले, "तुला तर ठावं हुतं."