काचेपलीकडचं बोलणं

उजव्या फुप्फुसात गाठ आहे आणि ती साधी वाटत नाही, असं छातीच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी आणि माझा भाऊ त्यांच्या केबिनमध्ये होतो. आबा, म्हणजे आमचे वडील, काचेच्या बंद दाराबाहेर बाकावर बसले होते. निघताना डॉक्टरांनी बजावलं, "काका को अभी मत बताना. हिम्मत हार जाएँगे."

मग बायोप्सी झाली. बायोप्सी म्हणजे सुईने गाठीचा बारीक तुकडा काढून तपासतात. कॅन्सरच निघाला. आबांना आम्ही सांगितलं, जुना कफ साठलाय. ते माझ्या तोंडाकडे टक लावून बघत राहिले आणि म्हणाले, "बरं."

आबा तरुणपणी अमळनेरकडून सुरतेला आले आणि उभा जन्म लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात उभे राहिले. सुरतेतल्या गोडादऱ्याचं आमचं घर, आमची शिक्षणं, नातवंडांची दप्तरं, सगळं त्या खडखडाटातून आलं. त्यात कान गेले. घरी आम्ही ओरडूनच बोलायचो.

केमोथेरपी, म्हणजे सलाइनमधून द्यायचं कॅन्सरचं औषध, सुरू झाली आणि मला शंका यायला लागली. आबांनी वहिनीला नवा स्वेटर गावी चुलतभावाला पाठवायला सांगितला. "माले आते काय कामना?" कफ झालेला माणूस स्वेटर देऊन टाकतो का? नक्की कुणीतरी फोडलं होतं. वहिनीच्या तोंडात तीळ भिजत नाही, म्हणून पहिला संशय तिच्यावर. मग नर्सवर. मग भावावरही. तो आबांजवळ बसला की मी दारातून बघत राहायची. वहिनीने आणलेला डबासुद्धा मला लाच वाटायला लागला.

आबांचंही काहीतरी चाललं होतं. डॉक्टर तोंडाला मास्क लावून राउंडला आले की आबा त्यांना म्हणायचे, "साहेब, मास्क निकालो ना." मला लाज वाटायची. म्हाताऱ्याला कुणाचाच भरवसा नाही, असं वाटायचं.

एका दुपारी वॉर्डच्या काचेबाहेर मी भावाला गाठलं. आवाज दाबूनच बोलले, पण रागाने, "वहिनीनेच सांगितलं त्यांना. तुला माहीत आहे आणि तू झाकतोयस." आत खाटेवरून आबांनी हात हलवून मला बोलावलं.

"वहिनीले का बोलस?" ते म्हणाले. "तिनी काही सांगेल नही."

मी थिजलेच. एवढ्या लांबून, बंद काचेतून यांनी ऐकलं कसं?

ते हसले. कारखान्यात कुणालाच काही ऐकू येत नाही, तिथे माणसं ओठ बघूनच बोलतात, हे मला त्या दिवशी कळलं. पहिल्याच दिवशी बाकावर बसून त्यांनी डॉक्टरांचं सगळं बोलणं वाचलं होतं. 'मत बताना'सुद्धा.

"मग तुम्ही बोललात का नाही?" मी विचारलं.

"तुम्ही हासत येत व्हतात. माले बरं वाटे."

मी रडले. मग जाऊन वहिनीच्या डब्यातली भाकर तिच्यासमोर बसून खाल्ली. ती एवढंच म्हणाली, "आज मीठ कमी झालंय का?"

तुमच्या घरी असा आजार आला, तर पेशंटपासून लपवू नका. आपण त्याला सांभाळतोय असं वाटतं, पण तोच आपल्याला सांभाळत असतो. शिवाय शंका घरभर पसरते, तिला औषध नाही. त्यानंतरचे महिने आम्ही उघड बोललो, त्यांच्यासमोर तोंड करून. आबांनी मला ओठ वाचायला शिकवलं. मी चुकले की नातवंडांना मजा वाटायची.

शेवटी ते आयसीयूत होते. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, आत जायला मनाई. मी काचेशी उभी होते. त्यांनी मास्क जरा बाजूला केला आणि ओठ हलले. मला वाचता आलं.

"जेवनी का?"

"जेवनी," मी म्हणाले.

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले, पूर्वी बघायचे तसेच. मग मान हलवली. नाही. आणि बोटाने खाली कॅन्टीनकडे दाखवलं.

मी खाली गेले, दोन पोळ्या कशाबशा गिळल्या, वर आले आणि काचेशी उभी राहून पुन्हा सांगितलं, "जेवनी, आबा."

या वेळी त्यांचा विश्वास बसला. त्यांनी मास्क परत लावला आणि डोळे मिटले.