वासराची खोली

मालकांनी माझ्या खोलीत वासरू आणून बांधलं आणि शेणाची टोपली माझ्या पायापाशी ठेवली. म्हणाले, "नगरपालिकेचा साहेब गोठा पाहाले येऊन राह्यला. इचारलं त सांगजो, आमी मायलेकी इथं शेणपाणी करतो म्हून."

मी शाळेत मास्तरीण होते. अकोल्यात नोकरी लागली तेव्हा खोलीसाठी आईला घेऊन किती उंबरे झिजवले! नोकरी ऐकून लोक हसून बोलायचे, आडनाव ऐकून दार लावायचे. आम्ही बौद्ध झालो होतो. त्यांच्या लेखी काहीच झालं नव्हतं. मग हे मालक भेटले. खादीवाले. सभेत समतेवर बोलायचे. घरामागचा गोठा लिंपून त्यांनी आम्हाला भाड्यानं दिला. राहायच्या खोलीची परवानगी काढलीच नव्हती. नगरपालिकेच्या नकाशात तो गोठाच होता. म्हणून पावती नाही, दारावर नाव नाही. मागच्या भिंतीला पोट आलं होतं. सांगितलं तर हसले. "गोठ्याची भिंत कोन बांधते, बाप्पा?" भाडं घ्यायच्या दिवशी मात्र तोच गोठा खोली व्हायचा.

त्या दिवशी माझी पुस्तकं, बुद्धाची तसबीर, सगळं त्यांनी पोत्यात कोंबलं. वासरू ऐटीत उभं. त्याला तिथं राहायची परवानगी होती, मला नव्हती.

साहेब आला. आईनं जन्मभर लोकांच्या गोठ्यातलं शेण काढलेलं. खोली जाईल म्हणून ती भ्याली. तिनं पदर खोचला आणि टोपली उचलली. माझ्या अंगाची आग झाली. तिच्या हातातून टोपली काढून मी मालकांच्या पांढऱ्याशुभ्र धोतरापुढे ठेवली.

"मी मास्तरीण आहे," साहेबाला म्हटलं. "दोन वर्षं झाली, इथं भाड्यानं राहतो. त्या पोत्यात माझी पुस्तकं आहेत. पाहा."

त्यानं पोतं उघडलं, पाहिलं, लिहून घेतलं. मालकांची समता तिथंच संपली. "तुमची लायकीच नाई," म्हणाले. "गोठ्यात ठेवलं, तेबी जास्त झालं."

संध्याकाळी आम्ही सामानासकट रस्त्यावर होतो. आई रडत होती. "काहून बोलली वं माय? आता कुठी जावं?"

मी पुस्तकांचं पोतं खांद्यावर घेतलं. आजही खोली पाहायला गेले की आधी विचारते, दारावर माझं नाव लावू द्याल का? मालक चाचरला की मी आत पाऊल टाकत नाही. आईला मात्र त्या संध्याकाळी रस्त्यावरच सांगितलं, "झाडाखाली राहू, माय. पन टोपली उचलाची नाई."