ताटासमोरचा चेहरा

वामनकाका गेल्याचं कळलं तेव्हा मी भाजी निवडत होते. त्यांच्या मुलीचा, सरिताचा फोन होता. "ताई, बाबा गेले..." एवढंच बोलली. माझा हात आपोआप नाकाकडे गेला.

काका आमचे माहेरचे, रांझीच्या फॅक्टरी कॉलनीतले शेजारी. दिवसा फॅक्टरीत फिटर, उरलेल्या वेळात समोरच्या खोलीत फोटोग्राफर. एकाहत्तरच्या युद्धात ब्लॅकआउटसाठी खिडक्यांना काळे कागद लागले, सारी कॉलनी वैतागली आणि काका खुशीत, घरबसल्या डार्करूम मिळाली म्हणून! थोडे बढाईखोर होते, पण हातात कला होती. लग्नाच्या मुलींचे फोटो ते लांब लेन्स लावून पार दाराबाहेरून काढायचे. दुरून काढलं की नाक बसतं, चेहरा भरतो. माझं नाक आमच्या घराण्याचं, माझ्याआधी पोचणारं. त्यांच्या फोटोत मात्र मी चक्क देखणी दिसायचे. फोटोवर भाळून पाहुणे यायचे, मला पाहायचे, पोहे खायचे आणि नकार कळवायचे. मी आतून पार खचले होते.

अशात अमरावतीकडचं स्थळ आलं. मुलगा फौजेत, सीमेवर, सुट्टी नाही. फोटो पाहूनच ठरवणार होता. आई हरखली. "भावजी, तोच लांबवाला द्या." काका अडून बसले.

"नाही वहिनी. आजवर लोक घरी येऊन पाहायचे तरी. हा थेट मांडवात पाहील तिला. मग?"

त्यांनी छोटी लेन्स लावली, स्टूल ओढलं आणि ताटावर समोरासमोर बसतो तेवढ्या अंतरावर आले. "जेवताना नवरा पाहतो ना, तसा काढून राहिलो. चलो, इकडे पाह्य."

फोटो पाहून आई रडकुंडीला आली. "काहून हो एवढं नाक काढलं पोरीचं?"

"मी कुठं काढलं? तुम्हीच दिलं."

मला हसू फुटलं... किती महिन्यांनी! "हाच पाठव, आई," मी म्हणाले.

होकार आला. युद्ध संपल्यावर लग्न झालं. पहिल्यांदा समोर जेवायला बसले तेव्हा हे घास हातात धरून पाहतच राहिले. "फोटोतल्यासारखीच आहेस," म्हणाले. एवढं गोड मला पुन्हा कुणी काही म्हटलेलं नाही, आणि ते काकांमुळे ऐकायला मिळालं.

गेल्या आठवड्यात काकूंकडे गेले. सरिताने हार घालायला काकांचा निवृत्तीच्या समारंभातला, दुरून काढलेला रुबाबदार फोटो निवडला होता. काकूंनी तो बाजूला सारला. त्यांना आमच्या ह्यांनी एकदा काढलेला काकांचा फोटो हवा होता... काकांच्याच छोट्या लेन्सने, अगदी जवळून. नाक मोठं, चष्मा घसरलेला. तो त्यांनी बैठकीत लावू दिला नाही. स्वयंपाकघरात, आपल्या पाटासमोरच्या भिंतीवर, खाली लावून घेतला.

"एवढ्या खाली काहून, आई?" सरिताने विचारलं.

"अगं, तिथंच तर बसतात ते," काकू म्हणाल्या आणि आमची पानं घ्यायला उठल्या.