आपाय सुलांगची तापट करवत

आपाय सुलांगची चेनसॉ मूळची कुणाची, हे आता कुणालाच सांगता येत नाही. लाकूडतोडीच्या एका छावणीने गाशा गुंडाळला तेव्हा तिथल्या मिस्त्रीने ती विकली. ज्याने घेतली त्याने वर्षभर शिव्या घालून ती दुसऱ्याच्या गळ्यात मारली, आणि त्या दुसऱ्याने बोटीत घालून नदीच्या वरच्या अंगाला आणून आपाय सुलांगच्या गळ्यात मारली, असं बाकीचे म्हणतात. तो स्वतः म्हणतो, मी हेरून घेतली.

त्याचं खरं नाव बेलायोंग. पण थोरला मुलगा जन्मला की आमच्या इबान जमातीतल्या माणसाचं नाव मागे पडतं. तो सुलांगचा बाप, म्हणजे आपाय सुलांग झाला, आणि त्याची बायको सेंदी झाली इंदाय सुलांग. तो सुलांग आता दूर समुद्रात कुठल्याशा तेलाच्या जहाजावर आहे. घरात उरले नवरा, बायको आणि करवत. जेवायला बसल्यावर सेंदी कधीकधी विचारते, "तिला वाढू का आधी?"

लांबघरात सगळ्यांचं छप्पर एक, ओसरी एक, त्यामुळे कुणाची भानगड झाकून राहत नाही. रोज संध्याकाळी आपाय सुलांग आपल्या दारापुढच्या ओसरीवर चटई टाकून करवत उघडतो आणि सगळं घर सल्ले द्यायला गोळा होतं. तो कुणाचं ऐकत नाही. गोल कानस घेऊन साखळीच्या एकेका दाताला धार लावत बसतो, पात्याची एक कड झिजली की पातं उलटं करून लावतो. कार्बोरेटरचं पॅकिंग बिस्किटाच्या पुठ्ठ्याचं आहे. सायलेन्सरला माशाच्या डब्याचा पत्रा गुंडाळलेला आहे. हवेच्या फिल्टरला जी जाळी आहे ती सेंदीच्या सणाच्या ब्लाउजची बाही होती, आणि त्या बाहीवरून झालेलं भांडण अजून मिटलेलं नाही. साखळीवर तो तळणीचं उरलेलं तेल सोडतो, त्यामुळे करवत चालू झाली की जंगलभर तळलेल्या माशांचा वास सुटतो आणि लांबघरातली कुत्री आशेने त्याच्या मागे जातात.

"इपार, हिच्यात मूळचं काय उरलंय रे?" मेंग्गा विचारतो. मेंग्गा हा सेंदीचा धाकटा भाऊ. मेहुणे मेहुणे एकमेकांना इपारच म्हणतात, आणि इपारची खोडी काढायची नाही तर कुणाची काढायची?

"आवाज," आपाय सुलांग म्हणतो.

मेंग्गाने अलीकडेच कोरी करकरीत करवत घेतली होती. नारिंगी रंगाची. तो तिला फडक्याने पुसायचा, आणि पुसायचाही नेमका आपाय सुलांगच्या समोर बसून.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी होतं. गोची झाली ती गच्चीमुळे. ओसरीच्या पुढे फळ्यांची उघडी गच्ची असते, भात वाळवायची. ज्याच्या दारासमोरचा तुकडा त्यानेच राखायचा. आपाय सुलांगच्या तुकड्याच्या फळ्या कुजल्या होत्या. आधी त्यातून एक कोंबडी खांबांवरच्या घराखालच्या डुकरांत पडली, तेव्हा लोक हसले. मग सेंदीचा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला, तेव्हाही हसले, पण सेंदी हसली नाही. शेतात भात पिवळा पडला होता. चार दिवसांत तो घरी येणार, आणि वाळवायला जागा नाही. फळ्या कापायच्या राहिल्या होत्या, कारण करवत आज रुसायची, उद्या तिची दोरी तुटायची. आणि दुसऱ्याची करवत आपल्या दारच्या कामाला लावायची, हे आपाय सुलांगला जिवावर यायचं. तसं करणं म्हणजे 'तुझं आता संपलं, म्हातारबा' असं सगळ्या ओसरीने न बोलता म्हटल्यासारखं होतं.

त्या सकाळी सेंदीने स्पष्टच सांगितलं.

"संध्याकाळपर्यंत फळ्या आल्या नाहीत तर उद्या मेंग्गा कापेल."

"मला काय, इपार," मेंग्गा फडकं झटकत म्हणाला. "माझी एका ओढीत चालू होते. तू आराम कर. वय झालं तुझं."

आपाय सुलांगने करवत खांद्यावर मारली. सेंदीने पानात बांधलेला भात आणि सुका मासा पुढे केला. त्याने तिकडे पाहिलंही नाही. तरातरा शिडी उतरून तो चालू लागला.

शेजारच्या खोलीची म्हातारी विणकाम थांबवून म्हणाली, "अगं, त्याने हात तरी लावला का पानाला?"

तिचं विचारणं उगाच नव्हतं. पुढे आलेलं अन्न नको असेल तर नको म्हणावं, पण बोट लावून ओठाला टेकवावं. तेवढंही न करता जो निघून जातो त्याला पुनी लागते. मग साप चावो, मगर ओढो, झाड अंगावर येवो.

जंगलात मात्र सगळं झकास चाललं होतं. बेलियान झाडाचा ओंडका आधीच पाडून ठेवलेला होता. लाकूड असं की पाण्यात टाकलं तर दगडासारखं बुडेल. जुन्या बॅटरीच्या काळ्या भुकटीत दोरा घोळवून आपाय सुलांगने ओंडक्यावर ताणला, टिचकी मारली, सरळ रेघ उमटली. त्या रेघेवरून करवत अशी गेली की मेंग्गाने बघायला हवं होतं. फळ्यांमागून फळ्या निघाल्या. दात बोथट झाले की थांबून कानस, पुन्हा सुरू. शेवटच्या दोन फळ्या उरल्या आणि करवत खोकली, आचका दिला, बंद पडली.

त्याने दोरी ओढली. पुन्हा ओढली. प्लग काढून पुसला, काजळी खरवडली, फुंकर मारली, बसवला, ओढली. रागाच्या भरात इतकी ओढली की पेट्रोलचा नुसता वास सुटला. मग तो खाली बसला. दुखणं काय आहे ते त्याला माहीत होतं. इंजिनच्या पंखांत भुसा भरला, ती तापली, नळीतल्या पेट्रोलची वाफ झाली, आणि वर आपण ओढून ओढून पेट्रोल तुंबवलं. भुसा कोरून काढायचा, सावलीत ठेवायची, गप्प बसायचं. दुसरा इलाज नाही.

त्याने तेच केलं. पण गप्प बसलं की डोकं चालू होतं. सेंदीचा बाप असाच एकदा पुढे आलेला भात न शिवता झाड पाडायला गेला होता आणि त्याला चौघांनी उचलून घरी आणलं होतं. सेंदी तेव्हा लहान होती. हे ठाऊक असून आपण सकाळी पानाकडे पाहिलंही नाही, याची आपाय सुलांगला फार लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर, मागच्या झाडीत काही सळसळलं तेव्हा त्याची पाचावर धारण बसली.

झाडीतून सेंदी आली. मागून मेंग्गा, नारिंगी करवत घेऊन, धापा टाकत.

सेंदी नवऱ्याकडे बघत राहिली. डोकं, हात, पाय, सगळं जागच्या जागी आहे ना ते तिने आधी पाहिलं. मग ओरडली, "आवाज का बंद केलास?"

"मी कुठे केला, तिने केला."

"घरी ऐकू येत होता. मग येईनासा झाला. किती वेळ झाला माहितीये?"

"आता सरक, इपार," मेंग्गा म्हणाला. "दोन तर फळ्या आहेत. मी घेतो उडवून."

"तू बस खाली," सेंदी त्याला म्हणाली. "आधी हा खाऊ दे."

तिने पान पुढे केलं. आपाय सुलांगने बोट लावून ओठाला टेकवलं, आणि मग तेवढ्यावर न थांबता मांडी घालून जेवायलाच बसला. सावकाश जेवला. माशाचा एकेक काटा वेगळा काढला, बोटं चाटली, पाणी प्यायला, पुन्हा थोडा भात घेतला. मेंग्गा जांभया देत होता. मधूनच आपाय सुलांग डावा हात इंजिनवर ठेवून बघायचा आणि पुढचा घास घ्यायचा.

शेवटी उठला, पाय रोवला, दोरी ओढली. करवत पहिल्याच ओढीला चालू झाली. वासाने मागे आलेली कुत्री उठून उभी राहिली.

"बघितलंस?" सेंदी त्या आवाजावर आवाज चढवून म्हणाली. "भात."

मेंग्गानेही मान डोलावली. "भातच. दुसरं काय असणार?"

आपाय सुलांगने तोंड उघडलं. भुसा, नळी, वाफ, सगळं जिभेवर आलं होतं. मेहुण्यापुढे अशी संधी पुन्हा येणार नव्हती. तेवढ्यात त्याचं लक्ष सेंदीच्या पायांकडे गेलं. ती अनवाणी आली होती. घोट्यांना जळवा लागल्या होत्या, एका पायातून रक्त वाहत होतं, आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता.

"भातच," तो म्हणाला, आणि फळी कापायला वळला.