नवऱ्याला घेऊन ये

राग आला की मोठ्या सिस्टरचा आवाज खाली जायचा. प्रसूतिगृहात बाकीच्या नर्स आम्हा बायकांवर ओरडत. या मात्र हळू बोलू लागल्या की डॉक्टरही सावध होत.

माझं पहिलं बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "हिचा पायगुण." मीही तेच धरून बसले. दुसऱ्या खेपेला कोपरहून या प्रसूतिगृहात नाव नोंदवायला गेले, तेव्हा सिस्टरनी जुनी फाईल चाळली.

"सिफिलिससाठी रक्त तपासलंच नाही मागच्यांनी?"

"नसेल."

"नसेल!" त्या अगदी हळू म्हणाल्या.

माझं रक्त तपासून रिपोर्टात सिफिलिस निघाल्यावर त्यांनी दार लावून घेतलं. "हा आजार संबंधांतून लागतो आणि आईकडून पोटातल्या बाळाला होतो. बाळ दगावतं, जगलं तर डोळे, कान, हाडं बिघडू शकतात. आणि औषध काय, तर पेनिसिलिन! पायगुण कसला गं? एक तपासणी राहिली." मग म्हणाल्या, "नवऱ्याला घेऊन ये."

हे त्या अशा प्रत्येकीला सांगत. "बायकोला धुवायचं आणि पुन्हा चिखलात सोडायचं, हा कुठला इलाज?"

माझी इंजेक्शनं सुरू झाली. नवरा म्हणाला, "आजार तुला निघालाय, मी कशाला येऊ?" तीन निरोप त्याने उडवले. चौथ्यांदा सिस्टर स्वतःच घरी आल्या. त्याला जिन्यात बोलावून म्हणाल्या, "एक लेकरू गेलं. दुसरंही घालवायचं असेल तर तसं लिहून द्या."

दुसऱ्या दिवशी तो तपासणीला गेला. त्यालाही तेच निघालं.

मुलगी झाली. तिचंही रक्त तपासलं, ठणठणीत निघाली. ती महिन्याची असताना नवऱ्याने तक्रार लिहिली, 'घरी येऊन अपमान केला.' "पेशंट तू आहेस," म्हणत सही माझी घेतली. तान्ह्या पोरीला घेऊन मी कुठे जाणार होते? केली सही. सिस्टरची बदली कळव्याला झाली.

पोरीला घेऊन मी तिथे गेले. त्यांनी तिचे डोळे पाहिले, कानाशी टाळी वाजवली, पाय हलवून बघितले.

"सिस्टर, त्या अर्जावर सही..."

"माहितीये. पहिलं बाळ कशानं गेलं, ते घरी सांगितलंस?"

"नाही."

"मग माझी माफी कसली मागतेस? तिथे बोल."

त्या संध्याकाळी जेवताना मी सासूबाईंना सगळं सांगितलं, आजाराचं नाव घेऊन, नवऱ्यासमोर. त्यांचा हात ताटातच थांबला. आजवर माझ्याकडे पाहत, तसं पहिल्यांदाच त्यांनी लेकाकडे पाहिलं. तो उठून गेला. मी पोटभर जेवले.